पाण्यात उतरण्यापूर्वी : आभाळ, नदी आणि आपली मुले

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या शाळांमध्ये सहलींची चर्चा सुरू होते. पूर्वी वर्धा जिल्ह्यातल्या शाळेची सहल म्हणजे सेवाग्रामची बापूकुटी, पवनारचा आश्रम, गिरडच्या टेकडीवरचा बाबा फरीद यांचा दर्गा आणि फार तर बोर धरण. मुले काठावर बसून डबा खात, पाण्यात पाय बुडवत आणि परत येत. आता मुलांची मागणी बदलली आहे. मोबाईलवर कोकणातल्या खाड्यांमधल्या लाल-पिवळ्या कयाक पाहून आठवीची मुलगी विचारते, "सर, आपण हे कधी करणार?" ईदच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुटुंबेच्या कुटुंबे गाडी करून धरणावर, तलावावर जातात. तिथे बोट दिसली की लहानांचा हट्ट सुरू होतो, आणि मोठे दोन मिनिटांत होकार किंवा नकार देऊन मोकळे होतात.

हा लेख त्या दोन मिनिटांसाठी आहे. होकार कशाच्या आधारावर द्यायचा आणि नकार कशाच्या आधारावर, हे आई-वडिलांना, शिक्षकांना आणि स्वतः मुलांना कळले पाहिजे, असे आम्हाला वाटते. "पाण्याजवळ जायचेच नाही" हा सरसकट नकार मुले फार काळ पाळत नाहीत. मग ती मित्रांबरोबर, न सांगता जातात. "जा, काही होत नाही" हा सरसकट होकार तर त्याहून वाईट.

कयाक म्हणजे एक किंवा दोन माणसांची अरुंद, लांबट नाव. वल्ह्याला दोन्ही टोकांना पाते असते. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांनी ती शिकारीसाठी बनवली, सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून. आज ती प्लॅस्टिकची किंवा फायबरची असते. आपल्या भागातला डोंगा ज्याने पाहिला आहे त्याला ती परकी वाटणार नाही. बसणारा पाण्याच्या अगदी जवळ बसतो, तोल त्यालाच सांभाळायचा असतो, आणि इंजिन नसल्यामुळे वाऱ्याशी व प्रवाहाशी लढायला फक्त त्याचे दोन हात असतात. म्हणून मोठ्या बोटीला जे हवामान किरकोळ वाटते तेच कयाकला भारी पडते.

तीन घटना, तीन धडे

पहिली घटना आपल्याच नदीवरची. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या वरूड तालुक्यात, झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटली. दशक्रियेसाठी आलेले एक कुटुंब त्या नावेत होते. ११ जणांचा जीव गेला. दिवस पावसाळ्याचे आणि नदी भरलेली. अशा नदीत लहान नावेवर भरवसा ठेवायचा नसतो, हा पहिला धडा.

दुसरी घटना उजनीची. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट धरणाच्या पाण्यात वादळी वाऱ्याने उलटली. बोटीत सात जण होते. सहा बुडाले. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागला, म्हणून बातमी तरी कळली. नेहमीचाच रस्ता आणि नेहमीचेच पाणी. फक्त मे महिन्यातल्या संध्याकाळचा वारा अचानक आला. आभाळ न पाहता निघायचे नसते, हा दुसरा धडा.

तिसरी घटना शिक्षक म्हणून आम्हाला झोप लागू देत नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी गुजरातमधल्या वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. महिना जानेवारीचा, पूर नाही, वादळ नाही. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. हवा कितीही चांगली असली तरी माणसाची चूक ती भरून काढत नाही, हा तिसरा धडा.

आभाळ, पाणी आणि माणूस या तीन गोष्टी नीट असल्या तरच उतरायचे. तीनपैकी एकही बिघडलेली असेल तर उतरायचे नाही. पुढचे सगळे विवेचन या एका नियमाचेच आहे.

आभाळ : ऋतू, वारा आणि वीज

विदर्भात जून ते सप्टेंबर हा काळ नदीत नाव घालून खेळण्याचा नाही. इथे अपवाद शोधत बसू नये. ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडत येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे सर्वांत चांगले दिवस. त्यातही पहाटे धुके असेल तर ते विरेपर्यंत थांबावे, कारण धुक्यात काठ दिसत नाही आणि काठावरच्याला तुम्ही दिसत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे अवकाळी पाऊस आणि गारपीट येते. एप्रिल-मे महिन्यांत दोन संकटे असतात : दिवसा ऊन आणि संध्याकाळी वळवाचे वादळ. वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा पाण्यावर सावली नसते, आणि पाणी ऊन परत तोंडावर फेकते. नवतपाच्या दिवसांत मुलांना दुपारी पाण्यावर नेणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण.

हवामानाचा अंदाज पाहण्यासाठी आता कोणाला विचारावे लागत नाही. नागपूरचे प्रादेशिक हवामान केंद्र विदर्भातल्या प्रत्येक जिल्ह्यासाठी रंगांत इशारा देते. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे तातडीने सुरक्षित व्हा. शेतीच्या कामासाठी पिवळा इशारा चालून जाईल. कयाकसाठी मात्र वादळी वारा किंवा विजेचा पिवळा इशारासुद्धा सहल पुढे ढकलायला पुरेसा आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे ॲप आपल्या आसपासच्या २० आणि ४० किलोमीटरच्या परिसरातल्या विजेची सूचना देते. ते शिक्षकाच्या आणि पालकाच्या फोनमध्ये असलेच पाहिजे. आमच्या घरांत नमाजच्या वेळांचे ॲप प्रत्येकाच्या फोनमध्ये असते. त्याच्या शेजारी हे एक ठेवायला जागा लागत नाही.

अंदाज घरून पाहायचा, पण निर्णय काठावर उभे राहून घ्यायचा. वाऱ्याचा वेग मोजायला यंत्र लागत नाही. झाडाची पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील, हलका झेंडा ताणून फडकत असेल, तर वारा ताशी १२ ते १९ किलोमीटर आहे. नवशिक्यासाठी इथेच मर्यादा येते. धूळ आणि कागद उडू लागले, लहान फांद्या हलू लागल्या, पाण्यावर जागोजागी लाटांचे पांढरे तुरे दिसू लागले, की वारा २० ते २८ वर गेला. आता नवशिक्याने कयाक पाण्यात टाकायची नाही, आणि पाण्यात असेल तर काठाला आणायची.

वाऱ्याची दिशाही तितकीच महत्त्वाची. काठाकडून आत पाण्याकडे वाहणारा वारा फसवा असतो. काठाजवळ पाणी अगदी शांत दिसते, कारण झाडांचा आणि बांधाचा आडोसा असतो. मूल सहज, न दमता आत जाते. परत फिरल्यावर मात्र तोच वारा तोंडावर येतो आणि दहा मिनिटांचे अंतर संपता संपत नाही. म्हणून जुना नियम असा की जाताना वाऱ्याच्या समोर जावे आणि येताना वाऱ्याबरोबर यावे. ताकद असते तेव्हा कष्ट घ्यायचे, दमल्यावर वाऱ्याची मदत घ्यायची. शिवाय मोकळ्या मैदानी भागात ऊन चढेल तसा वारा वाढतो. त्यामुळे सकाळी ७ ते १० ही वेळ सर्वांत उत्तम.

विजेबाबत तडजोड नाही. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा. तितक्या किलोमीटरवर ती पडली. हा हिशेब वर्गात विज्ञानाच्या तासाला शिकवायला छान आहे, पण काठावर तो करत बसू नये. गडगडाट ऐकू आला याचा अर्थ आपण विजेच्या टप्प्यात आहोत. लगेच पाण्याबाहेर यायचे, एकट्या झाडाखाली थांबायचे नाही, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत बसायचे. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे जाईपर्यंत परत पाण्यात जायचे नाही. सपाट पाण्यावर बसलेला माणूस हीच आसपासची सर्वांत उंच गोष्ट असते, हे मुलांना सांगितले की त्यांना पटते.

नदी : पाऊस कुठे पडला ते विचारा

आपल्या डोक्यावर आभाळ निरभ्र असले तरी नदी सुरक्षित आहे असे ठरत नाही. वर्धा नदी मध्य प्रदेशात बैतुल जिल्ह्यातल्या सातपुड्यात उगम पावते. तिथे रात्री झालेला पाऊस आपल्याकडे उन्हात उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. पुढे मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण आहे, त्याला १३ दरवाजे. आर्वी तालुक्यात धनोडीला निम्न वर्धा धरण आहे, त्याला ३१ दरवाजे. यातले काही दरवाजे उघडले की खाली पुलगावच्या बाजूला नदीचे रूप बदलते. पवनारची धाम नदी, सेलूकडची बोर, हिंगणघाटची वणा, या साऱ्यांची तीच गोष्ट. जुलै २०२२ मध्ये वणेचे पाणी हिंगणघाटच्या वस्तीत शिरले होते. त्या गावातल्या लोकांना नदी किती लवकर चढते हे वेगळे सांगावे लागत नाही.

बातमीत "इतके क्युसेक पाणी सोडले" असे वाचतो आणि पुढे जातो. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला सुमारे २८ लीटर. हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला २८ हजार लीटर. उन्हाळ्यात गल्लीत येणारा ५ हजार लीटरचा पाण्याचा टँकर डोळ्यांसमोर आणा. असे साडेपाच टँकर प्रत्येक सेकंदाला ओतले जात आहेत असा त्याचा अर्थ. आणि पूर आल्यावर आकडे हजारांत नाही, दहा-वीस हजारांत असतात. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. म्हणूनच घोट्याच्या थोडे वर, म्हणजे १५ सेंटिमीटर इतके वेगवान पाणीसुद्धा उभ्या माणसाचे पाय उचलू शकते.

काठावर उभे राहून करायच्या चार तपासण्या आहेत. त्यांना पैसा लागत नाही.

एक, रंग. कालपर्यंत नितळ असलेले पाणी गढूळ झाले असेल, तर वर पाऊस झाला आहे किंवा पाणी सोडले आहे.

दोन, तरंगणारा कचरा. काडीकचरा, फेस, फांद्या, पऱ्हाट्या वाहत येऊ लागल्या की पाणी चढते आहे, कारण चढणारे पाणी काठावरचा कचरा उचलून आणते. उतरणारे पाणी तो काठावरच ठेवून जाते.

तीन, काडी. पाण्याच्या कडेला बरोबर रेषेवर एक काडी रोवा. दहा-पंधरा मिनिटांनी पाहा. काडी पाण्यात गेली असेल तर सामान आवरा.

चार, पान. वाहत्या पाण्यात एक पान टाका आणि काठाने त्याच्याबरोबर चाला. आरामात चालून पान मागे पडते, तर प्रवाह संथ आहे. पानाबरोबर राहायला भरभर चालावे लागते, तर ती जागा तुमची नाही. यामागचा हिशेब सोपा आहे. नवशिका माणूस कयाक ताशी चार-पाच किलोमीटरने वल्हवतो. आपण चालतोही जवळजवळ त्याच वेगाने. प्रवाहच तितका असेल तर उलट दिशेने वल्हवून तो जागेवरून हलणार नाही. तो फक्त खाली जात राहील.

आणि खाली काय आहे, हे आधी पायी जाऊन पाहिलेले असावे. आपल्या नद्यांवर जागोजागी कोल्हापुरी बंधारे आहेत. बंधाऱ्यावरून पाणी एकसारखे, गुळगुळीत खाली पडताना फार सुंदर दिसते, आणि तीच जागा सर्वांत घातक असते. पडलेले पाणी खालून उसळी घेते आणि पुन्हा बंधाऱ्याच्या पायाकडे वळते. त्या चक्रात सापडलेला माणूस किंवा नाव बाहेर फेकली जात नाही, पुन्हा पुन्हा आतच ओढली जाते. चांगला पोहणाराही त्यातून सुटत नाही. बंधाऱ्याच्या वर कयाक नको आणि खाली तर नकोच.

दुसरी जागा म्हणजे पाण्यात पडलेले झाड. फांद्यांमधून पाणी जाते, माणूस जात नाही. प्रवाह त्याला तिथे दाबून धरतो. तिसरी, आपल्या जिल्ह्यातली ओळखीची जागा म्हणजे रेतीच्या उपशाने पडलेले खड्डे. गुडघाभर पाण्यात चालणारे मूल एका पावलात डोक्याइतक्या पाण्यात जाते. वरून पाणी सगळीकडे सारखेच दिसते. कोणत्या डोहात उतरू नये हे गावातल्या भोई-ढिवर मंडळींना पिढ्यान्‌पिढ्या माहीत असते. तिथे जाऊन आधी त्यांना सलाम-नमस्कार करावा आणि विचारावे. पुस्तकात न मिळणारी माहिती मिळते.

तलाव आणि धरण : शांत दिसणारे पाणी

नवशिक्यासाठी नदीपेक्षा तलाव बरा. रामटेकजवळच्या खिंडसी तलावासारख्या ठिकाणी नौकाविहाराची व्यवस्था असते, लोक राबते असतात, मदत जवळ असते. पण धरणाच्या पाण्याचे स्वतःचे धोके आहेत. पाणी जितके रुंद, तितकी वाऱ्याला लाट उठवायला जागा जास्त. उजनीत तेच झाले. धरण बांधताना बुडालेल्या झाडांचे बुंधे, जुने बांध, विहिरी पाण्याखाली असतात. उन्हाळ्यात पाणी उतरले की ते पृष्ठभागाच्या अगदी खाली येतात. भिंतीजवळ, सांडव्याजवळ आणि दरवाजांजवळ जाण्यास मनाई असते. तिथे लावलेली पाटी गंमत म्हणून लावलेली नसते. भोंगा वाजला तर प्रश्न न विचारता बाहेर पडायचे. कडेचा गाळ वरून सुकलेला आणि आतून दलदलीचा असतो. तिथे अडकलेल्या मुलाला काढायला धावत गेलेला मोठाही अडकतो.

तलावासाठी सोपा नियम असा की काठापासून तितकेच दूर जावे, जितके अंतर आपण जॅकेट घालून, न घाबरता, पोहून परत येऊ शकतो. तलावाच्या मधून आडवे जाण्याऐवजी काठाकाठाने जावे. एकट्याने कधीही जाऊ नये. किमान तीन नावा असाव्यात, म्हणजे एकाला काही झाले तर दुसरा त्याच्याजवळ थांबतो आणि तिसरा मदत आणतो.

माणूस : जॅकेट, कपडे आणि शरीर

लाइफ जॅकेट नावेत ठेवायची वस्तू नाही. नाव उलटल्यावर ते घालता येत नाही. काठावरच घालायचे, सगळे पट्टे आवळायचे, आणि मग दोन्ही हात वर करून दुसऱ्याला जॅकेट खांद्यापाशी वर ओढायला सांगायचे. ते हनुवटी-कानांपर्यंत वर सरकत असेल तर ते सैल आहे, पाण्यात ते अंगावरून निघून जाईल. मुलाला मुलाच्या वजनाचेच जॅकेट हवे. आम्ही एका ठिकाणी जॅकेटांचा ढीग पाहिला होता. निम्म्यांची बकले तुटलेली आणि दोरीने गाठ मारलेली. असे दिसले की पैसे परत मागत बसू नये, सरळ मुलांना घेऊन चहा प्यायला जावे.

आता आमच्या घरांतला एक विषय, ज्यावर कोणी स्पष्ट लिहीत नाही. मुली आणि स्त्रियांचे कपडे. सैल बुरखा, लांब ओढणी, साडीचा घोळ पाण्यात भिजून पायांभोवती गुंडाळला जातो. बंद कयाकमध्ये पाय आत असतात, तिथे हे फारच धोक्याचे. पण याचा अर्थ मुलींनी काठावर बसून भावांचे फोटो काढावेत असा नाही. पूर्ण बाह्यांचा अंगाबरोबरचा अंगरखा, चुडीदार किंवा ट्रॅकपँट, डोक्याला गळ्याखाली टोके खोचलेला घट्ट स्कार्फ, आणि या सगळ्यांच्या वर जॅकेट. अंग झाकलेले राहते, उन्हापासूनही बचाव होतो, आणि हातपाय मोकळे राहतात. नवशिक्यांना वरती बसायची, उघडी कयाक द्यावी, म्हणजे उलटली तरी माणूस आत अडकत नाही. श्रीनगरच्या बिल्कीस मीर याच खेळात भारताकडून उतरल्या, पुढे प्रशिक्षक झाल्या, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पंचमंडळात बसल्या. आपल्या मुलींना हे नाव सांगावे.

शरीराकडेही पाहावे. ताप, चक्कर, मिरगीचा त्रास, आदली रात्र जागरणाची, अशा स्थितीत पाणी नको. रमजानमध्ये रोजा ठेवलेल्या मुलाला उन्हात वल्हे मारायला लावू नये. सहल महिनाभराने जाऊ शकते. आणि पोहणे? पोहता येणाऱ्यालाही जॅकेट लागते, आणि जॅकेट घातलेल्यालाही पोहणे यायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ३ लाख माणसे बुडून मरतात, आणि त्यांत मुलांचा वाटा मोठा आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावाच्या जागृतीसाठी ठेवला आहे. आपल्याकडे तो नेमका भर पावसाळ्यात येतो, जेव्हा मुले पूर पाहायला पुलावर जमतात. शाळेच्या परिपाठात त्या दिवशी पाच मिनिटे यावर बोलायला हरकत नसावी.

तरीही नाव उलटली तर

कयाक सोडायची नाही. ती तरंगते, आणि लांबून दिसते. तलावात तिला धरून राहायचे आणि मदतीला हाक मारायची. वाहत्या पाण्यात मात्र नावेच्या खालच्या बाजूला राहायचे नाही, नाहीतर नाव आणि दगड यांच्यात माणूस सापडतो. प्रवाहात पाठीवर पडायचे, पाय पुढे आणि वर ठेवायचे आणि तिरके काठाकडे सरकायचे. उभे राहण्याचा प्रयत्न करायचा नाही, कारण पाय दगडात अडकतो.

काठावरच्याने काय करायचे, हे त्याहून महत्त्वाचे. आपल्याकडच्या बातम्या पुन्हा पुन्हा वाचा. एक मूल बुडू लागते, त्याला वाचवायला भाऊ उडी घेतो, भावाला वाचवायला बाप. घरातून तीन जनाजे निघतात. म्हणून आधी हाक मारा, मग काठी, फांदी, ओढणी पुढे करा, दोरी किंवा रिकामा बंद केलेला पाण्याचा कॅन फेका, नाव असेल तर नाव न्या. प्रशिक्षण नसेल तर उडी मारू नका. हेही लक्षात ठेवा की बुडणारा सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. त्याला श्वासच मिळत नसतो. तो गप्प असतो, तोंड पाण्याच्या रेषेवर, मान मागे. गप्प झालेल्या मुलाकडे आधी पाहा.

बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर उलटे टांगणे, पोट दाबणे, गरगर फिरवणे, मिठात ठेवणे, हे सगळे बंद. त्यात वेळ जातो आणि उलटी श्वासनलिकेत शिरते. पाठीवर झोपवा, डोके मागे करून तोंडाने श्वास द्या, आणि मग छातीच्या मध्यभागी दाब द्या. ३० दाब, २ श्वास, मदत येईपर्यंत. ११२ किंवा १०८ ला दुसऱ्याने फोन करावा. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचेच, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनंतरही होतो. ही छाती दाबण्याची पद्धत वाचून येत नाही, शिकावी लागते. मोहल्ल्यातल्या डॉक्टरांना विनंती केली तर ते एका रविवारी शाळेत किंवा शादीखान्यात येऊन दाखवतील.

"आज नको" म्हणणारा कोणी हवा

सर्वांत अवघड गोष्ट शेवटी. गाडीचे भाडे दिलेले असते, डबे बांधलेले असतात, मुले सकाळी पाचपासून उठून बसलेली असतात. तलावावर पोहोचल्यावर वारा सुटलेला असतो. अशा वेळी कोणालाच वाईट व्हायचे नसते. एक म्हणतो, "इतक्या लांब आलो आहोत," दुसरा म्हणतो, "फक्त पाच मिनिटे," आणि बोटवाला म्हणतो, "रोजचेच आहे, साहेब." अपघाताआधी ही तीनच वाक्ये बहुतेक ठिकाणी बोलली गेलेली असतात.

यावर उपाय असा की निघण्याआधीच एका माणसाचे नाव ठरवावे. त्याने "आज नको" म्हटले की वाद नाही, मतदान नाही. त्याचा आदर राखण्यासाठी दुसरा बेतही आधीच ठरलेला असावा : पाणी नाही झाले तर गिरडला जाऊ, सेवाग्रामला जाऊ, क्रिकेट खेळू. मुलांचा विरस होत नाही आणि ठरवणाऱ्यावर दडपण येत नाही. मूल घाबरले असेल तर त्यालाही "मला नको" म्हणायचा अधिकार असावा, आणि त्यावर कोणी हसू नये.

दुर्घटना झाली की आमच्या बैठकींत "तकदीर में था" असे म्हटले जाते. शोकात बुडालेल्या घराला त्याने धीर मिळतो, ते तिथे ठीक आहे. पण तेच वाक्य निघण्याआधी बोलले गेले तर ते निष्काळजीपणाचे दुसरे नाव होते. तवक्कुलच्या आधी उंट बांधावा लागतो, हे आपण मुलांना पाळण्यापासून सांगतो. जॅकेटचा पट्टा आवळणे हे ते बांधणेच आहे. दुसऱ्याची मुले सहलीला नेणाऱ्या शिक्षकासाठी तर प्रत्येक मूल ही अमानत असते.

म्हणून पुढच्या वेळी संमतीपत्र सही करण्याआधी पालकांनी शाळेला हे प्रश्न विचारावेत, आणि शाळांनी ते आनंदाने ऐकावेत. पाणी कोणते, नदी की तलाव? त्या दिवसाचा जिल्ह्याचा इशारा कोण पाहणार? प्रत्येक मुलाच्या मापाचे जॅकेट आहे का, आणि ते कोणी तपासले? एका नावेत किती जण? किती मुलांना पोहता येते? दोरी कोणाजवळ आहे? छाती दाबून श्वास द्यायला कोणाला येते? जवळचा दवाखाना किती मिनिटांवर? आणि "आज नको" कोण म्हणणार?

नऊ प्रश्न आहेत. उत्तरे मिळाली तर मुलीला खुशाल जाऊ द्या. घरी आल्यावर ती आईला वल्हे कसे धरायचे ते दाखवील, अब्बूंना वारा कुठून होता ते सांगेल, आणि पुढच्या वर्षी स्वतःच धाकट्या भावाच्या जॅकेटचे पट्टे ओढून पाहील. उत्तरे मिळाली नाहीत तर सही करू नका. पाणी कुठे जात नाही. पुढच्या हिवाळ्यातही ते तिथेच असेल.